गोमा, १९९४: शिधा कोणाच्या हाती दिला

१९९४च्या जुलैच्या मध्यावर रवांडातल्या गिसेन्यी गावातून झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा शहरात माणसं शिरू लागली. ही दोन गावं एकमेकांना इतकी खेटून आहेत, की सरहद्द म्हणजे भर वस्तीतला एक नाका. त्या भागातून चार-पाच दिवसांत आठ ते दहा लाख लोक आत आले. डोक्यावर गाठोडी, पाठीला बांधलेली पोरं, भांडीकुंडी, कुणी हाकत आणलेली गुरं. लोंढ्यात शेतकरी होते, तसं बंडखोरांकडून नुकतंच हरलेलं रवांडाचं सरकारी सैन्यही होतं. वंशसंहारात पुढे असलेल्या ‘इंटरहाम्वे’ टोळ्यांतली तरणी पोरं होती, मंत्री होते, गावोगावचे सरकारी प्रमुख होते. झाईरच्या सैनिकांनी नाक्यावर बंदुका आणि कोयते काढून घेतले, त्यांचे रस्त्याकडेला ढीग लागले. पण सगळीच हत्यारं काही त्या ढिगात पडली नाहीत. सरकारी गाड्या आल्या, आणि सरकारी तिजोरीतला पैसाही सरहद्दीपार आला.

या माणसांना पुढची सव्वादोन वर्षं जगाने पोसलं. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कुणाचा जीव घेतलेला नव्हता. काहींनी मात्र आदल्या शंभर दिवसांत आपल्या शेजाऱ्यांना घराघरांतून, चर्चमधून, दलदलीतून शोधून काढून मारलेलं होतं. दोघे एकाच पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या वस्तीत राहत होते, एकाच रांगेत उभे होते, आणि रांगेच्या तोंडाशी नावांची यादी घेऊन कोण बसलंय, यावर पुढचं सगळं ठरलं. आधुनिक काळातल्या वंशसंहारांचा आणि त्यानंतर धावून आलेल्या मदतीचा विषय निघाला की मी गोमाचंच प्रकरण पुढे ठेवतो. इतर ठिकाणी मदत पोचली नाही, उशिरा पोचली, अपुरी पडली अशा तक्रारी असतात. गोमामध्ये मदत पोचली, भरघोस पोचली, आणि त्यातूनच पेच उभा राहिला.

शंभर दिवस

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकदा सांगून झाली आहे. ६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हब्यारिमाना यांचं विमान किगालीवर पाडलं गेलं. काही तासांत राजधानीत रस्तोरस्ती नाकेबंदी झाली, ओळखपत्रावर ‘तुत्सी’, म्हणजे अल्पसंख्य समाजाचं नाव, लिहिलेल्यांना बाजूला काढून मारणं सुरू झालं. कट्टर हुतूंच्या हातून बहुसंख्य हुतू समाजातले मवाळ पुढारीही सुटले नाहीत. पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना यांना दुसऱ्याच दिवशी मारलं. त्यांच्या संरक्षणाला दिलेल्या दहा बेल्जियन शांतिसैनिकांचाही खून झाला. जुलैपर्यंत किमान पाच लाख, बहुतेक अभ्यासकांच्या मते आठ लाखांपर्यंत माणसं मारली गेली. रवांडा सरकारचा आकडा दहा लाखांच्या वर जातो.

संयुक्त राष्ट्रांची सुमारे अडीच हजारांची शांतिसेना तेव्हा रवांडातच होती. तिचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमेओ दॅलेर. ११ जानेवारीलाच त्यांनी न्यूयॉर्कला तार केली होती: शस्त्रसाठे केले जात आहेत, तुत्सींच्या याद्या बनत आहेत, साठ्यांवर छापा घालतो. उत्तर आलं, घालू नका. आणि हत्या सुरू झाल्यावर २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने त्या सेनेत भर घालण्याऐवजी ती २७० माणसांवर आणायचा ठराव केला. वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या जून उजाडला तरी ‘वंशसंहाराची कृत्यं’ म्हणत होत्या, नुसतं ‘वंशसंहार’ म्हणणं टाळत होत्या. १९४८च्या करारावर सही करणाऱ्या देशाने वंशसंहार रोखायचा असतो. म्हणून शब्दालाच लांब ठेवलं.

त्या काळात किगालीत टिकून राहिलेल्यांत आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचं एक छोटं पथक होतं. एप्रिलमध्ये रवांडन रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेतून जखमींना खाली ओढून मारलं गेलं, तरी ते राहिले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणजे एमएसएफच्या डॉक्टरांनी बुतारेच्या रुग्णालयात आपल्या डोळ्यांदेखत रुग्णांना आणि स्थानिक सहकाऱ्यांना नेऊन मारताना पाहिलं. वैद्यकीय संस्था एरवी लष्करी कारवाईची मागणी करत नसते. एमएसएफच्या फ्रेंच शाखेने जूनमध्ये उघड सांगितलं, की डॉक्टर पाठवून वंशसंहार थांबत नसतो. हे वाक्य पुढे गोमामध्ये त्यांच्याच अंगावर आलं.

बेनाकोचा इशारा

गोमाच्या अडीच महिने आधी एक धडा मिळालेला होता, आणि तो वाया गेला. एप्रिलच्या अखेरीस रुसुमोच्या पुलावरून एका दिवस-रात्रीत दोन लाखांच्या वर हुतू निर्वासित टांझानियात उतरले. बेनाको नावाची छावणी बघता बघता उभी राहिली. कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण लोक तिथे पुन्हा आपापल्या कम्यूनप्रमाणे बसले. कम्यून म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढा कारभाराचा घटक, आणि त्याचा प्रमुख बुर्गमेस्त्र. मुराम्बी कम्यूनचा माजी बुर्गमेस्त्र जाँ-बाप्तिस्त गातेते याच छावणीत होता. जूनमध्ये त्याला छावणीतून हलवायचा प्रयत्न झाला, तेव्हा हजारोंच्या जमावाने मदत कर्मचाऱ्यांना घेरलं. कर्मचारी कसेबसे निसटले. पुढे अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात हाच गातेते वंशसंहाराचा दोषी ठरला आणि अपिलात त्याची शिक्षा ४० वर्षं झाली.

म्हणजे छावणीत कोण आहे, त्यांचा शब्द किती चालतो आणि त्यांना हात लावला तर काय होतं, हे जूनमध्ये कळलेलं होतं. गोमाला जुलैमध्ये सगळं नव्याने कळल्यासारखं झालं.

लाव्हा, पाणी, पटकी

गोमाची जमीन म्हणजे न्यिरागोंगो ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा. कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी. शौचासाठी खड्डे खणता येईनात, मेलेल्यांना पुरता येईना. किबुम्बा छावणीत पाण्याचा थेंब नव्हता, टँकरने आणायचं. सुरुवातीच्या दिवसांत माणशी दिवसाला एक लिटरही पाणी मिळत नव्हतं. लोक किवू सरोवराचं पाणी जसंच्या तसं पीत होते.

२० जुलैच्या आसपास पटकी निश्चित झाली. तिच्या पाठोपाठ रक्ती आव. पहिल्या महिनाभरात सुमारे ५० हजार माणसं मेली. दर दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू झाला तर आणीबाणी समजतात. इथे तो दर २० ते ३५ होता. चटईत गुंडाळलेली प्रेतं रस्त्याच्या कडेने ओळीने ठेवलेली असत. फ्रेंच सैनिकांनी यंत्रांनी खडक उकरून सामुदायिक दफनं केली.

आणि मग जग आलं. विमानतळ छावण्यांच्या जवळ होता, त्यामुळे कॅमेरेही जवळ होते. २२ जुलैला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी लष्करी मदतमोहीम जाहीर केली, पाणी शुद्ध करणारी यंत्रं उतरली. इस्रायलचं फिरतं रुग्णालय आलं. दोनशेच्या आसपास संस्था या सगळ्या भागात काम करू लागल्या. गोवराच्या लसी, जलसंजीवनी, पाण्याच्या टाक्या, फिरते कार्यकर्ते. दुसऱ्या महिन्यात मृत्युदर पाच ते आठवर आला. आणीबाणीच्या हिशेबाने तोही जास्तच, पण एवढ्या माणसांत, अशा जमिनीवर, हे काम मोठं होतं. त्या पोरांना वाचवणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. लांब खुर्चीत बसून ‘खुन्यांना पोसलं’ म्हणणं फार सोपं आहे, आणि ज्या बाईचं मूल पटकीने सुकत चाललंय तिच्यापुढे ते वाक्य टिकत नाही.

मात्र एक तारखांची जोडी डोक्यातून जात नाही. २१ एप्रिल आणि २२ जुलै. पहिल्या तारखेला माणसं मारली जात होती आणि सैनिक काढून घेतले. दुसरीला माणसं आजाराने मरत होती आणि सैनिक पाठवले. आजाराशी लढताना कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

यादी

आता मुख्य गोष्ट.

आठ-दहा लाख माणसांना पहिल्या आठवड्यात धान्य वाटायचं आहे. हातात पुरेशी माणसं नाहीत, भाषा येत नाही, कुटुंबांची नोंद नाही. अशा वेळी कुणीतरी पुढे येतं, फ्रेंच बोलतं, सांगतं: माझ्या कम्यूनची एवढी हजार माणसं इथे आहेत, मला धान्य द्या, मी खाली पोचवतो. त्याच्याकडे खरंच व्यवस्था असते. प्रिफेक्चर म्हणजे जिल्हा, त्याखाली कम्यून, कम्यूनखाली सेक्टर, सेक्टरखाली सेल, सेलखाली घरं. छावणीत लोकही त्याच क्रमाने बसलेले. दमलेल्या मदत अधिकाऱ्याला हा माणूस देवासारखा भेटतो.

मात्र एप्रिल ते जूनमध्ये मारेकऱ्यांना गावोगाव कामाला लावणारी साखळीही हीच होती. रवांडातला वंशसंहार म्हणजे रानटी टोळ्यांचा अचानक उफाळलेला संताप, असं तेव्हा बाहेर सांगितलं जायचं. प्रत्यक्षात तो कारभाराच्या यंत्रणेतून झाला: कोणत्या घरात कोण राहतं हे सेलच्या माणसाला माहीत, हुकूम बुर्गमेस्त्रकडून येणार, रेडिओ दिवसभर चेतवणार. गोमामध्ये त्याच साखळीच्या हातात मक्याच्या पिठाची पोती दिली गेली. जुन्या यादीने माणूस मारायचा की नाही ठरत होतं, नव्या यादीने तो जेवणार की नाही.

पुढारी डोकी फुगवून सांगत. एक लाख माणसांत पंधरा-वीस हजार जास्तीची लावली की त्यांचं धान्य सरळ बाजारात. त्या पैशातून सैनिकांचे पगार, वाहतूक, हत्यारं. मदतसंस्थांनी छावणीतूनच नोकर घेतले. त्यांच्या पगारातून पुढारी ‘कर’ वसूल करत. नोकरीवर कोणाला घ्यायचं यातही त्यांचा हात असे. मोजणी करायला गेलं की धमक्या, अफवा, गोंधळ. १९९५च्या सुरुवातीला एकदाची मोजणी झाली तेव्हा आकडा पुष्कळ खाली उतरला.

धान्य पुरेसं येत होतं तरी कुपोषण मात्र सगळीकडे सारखं नव्हतं. ज्या कुटुंबात कर्ता पुरुष नव्हता, एकटी बाई घर चालवत होती, त्या घरातल्या मुलांत ते अधिक होतं. गोमामध्ये काम केलेल्या साथरोगतज्ज्ञांनी हे नोंदवून ठेवलं आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका पुरावा, कारण तो कुणा राजकीय विश्लेषकाचा नाही, कुपोषण तपासायला मुलांच्या दंडाचा घेर मोजणाऱ्यांचा आहे. धान्य वरून खाली येताना कुठे अडतं, ते त्या पोरांच्या दंडावर दिसत होतं.

दुसरीकडे छावण्या गावासारख्या वाढल्या. दोन हजारांहून अधिक दारूची दुकानं, शेकडो खानावळी, न्हावी, शिंपी, औषधांची दुकानं, फोटोवाले, सिनेमाही. हे वाचून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला त्यात गैर वाटत नाही. लाखो माणसं दोन वर्षं राहिली की केस कापायला न्हावी लागणारच. प्रश्न त्या दुकानांचा नव्हता, त्यांच्याकडून हप्ता कोण घेत होतं याचा होता.

परत का जात नव्हते

याचं उत्तर देणारे त्या काळात दोन गटांत विभागले गेले होते. एक बाजू म्हणे, पुढारी जाऊ देत नाहीत. ते खरंच होतं. परतायची भाषा करणाऱ्याला मारहाण होई, काहींचे खून झाले. निर्वासितांशिवाय पुढाऱ्यांकडे ना धान्य येणार होतं, ना वाटाघाटीला तोंड राहणार होतं.

दुसरी बाजू कमी सांगितली जाते. जिंकून सत्तेवर आलेल्या तुत्सी बंडखोरांच्या, म्हणजे रवांडन पेट्रिऑटिक फ्रंटच्या, सैन्यानेही माणसं मारली होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने नेमलेल्या रॉबर्ट गेर्सोनी यांनी १९९४च्या उन्हाळ्यात रवांडात फिरून हजारोंच्या हत्यांची माहिती गोळा केली. तो अहवाल रीतसर कधीच प्रसिद्ध झाला नाही, पण उच्चायुक्तालयाने लोकांना परत जा म्हणणं थांबवलं. पुढे एप्रिल १९९५मध्ये रवांडाच्या आतच, किबेहो इथल्या विस्थापितांच्या छावणीवर सैन्याने गोळीबार केला. सरकारने ३३८ मृत्यू मान्य केले. तिथे असलेल्या ऑस्ट्रेलियन वैद्यकीय पथकाची मोजणी चार हजारांच्या घरात जाते. ही बातमी गोमामध्ये पोचायला वेळ लागला नाही. पुढाऱ्यांना भीती पेरायचे कष्टही पडले नाहीत.

म्हणून ‘ओलीस’ हा शब्द मी जपून वापरतो. लोक ओलीस होते, आणि घाबरलेलेही होते, आणि त्यांतले काही स्वतः केलेल्या कृत्यांमुळे परतू शकत नव्हते. एकाच झोपडीत हे तिन्ही प्रकार असू शकत होते.

वेगळं करायचं कोणी

कायद्यात या पेचाची सोय होती. १९५१च्या निर्वासित कराराप्रमाणे मानवतेविरुद्ध गुन्हे केल्याचा सबळ संशय असलेला माणूस निर्वासितच ठरत नाही. आफ्रिकी देशांचा १९६९चा करार सांगतो, की निर्वासितांना सरहद्दीपासून पुरेसं दूर ठेवा. गोमामध्ये छावण्या सरहद्दीला लागून होत्या, आणि छाननी करणार कोण हा प्रश्न कोणी तोंडावर घेत नव्हतं.

उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी संयुक्त राष्ट्रांकडे सुरक्षादल मागितलं. नोव्हेंबर १९९४मध्ये सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी सुरक्षा परिषदेला परिस्थिती लेखी कळवली: झाईरमध्ये सुमारे २३० राजकीय पुढारी, कुटुंबं धरून ५० हजारांच्या आसपास माजी सैन्याची माणसं, शिवाय १० हजारांचे हत्यारबंद टोळीवाले. त्यांना नागरिकांपासून वेगळं काढायचे पर्यायही मांडले. डझनावारी देशांना सैनिक देता का म्हणून विचारून झालं. जानेवारीपर्यंत हो म्हणणारा एकच निघाला.

मग ओगाता यांनी हाती असलेला एकमेव मार्ग धरला. झाईरचे हुकूमशहा मोबुतू यांच्याच अध्यक्षीय रक्षकदलातले १,५०० सैनिक उच्चायुक्तालयाने पगार देऊन छावण्यांच्या बंदोबस्ताला नेमले. ज्या मोबुतूंनी रवांडाच्या जुन्या राजवटीला आसरा दिला होता, त्यांचेच सैनिक. गंमत अशी, की चोऱ्या-मारामाऱ्या त्यामुळे खरंच कमी झाल्या. पण माजी सैन्याला हात लावणं हे त्यांचं काम नव्हतं आणि ते त्यांनी केलंही नाही. निर्वासितांसाठी तंबू उभारणारी संस्था परक्या देशाच्या सैनिकांना पगार देते, हे चित्रच सगळं सांगतं. जे काम सरकारांचं होतं ते नकोसं झाल्यावर खालच्या टेबलावर सरकवलं गेलं, आणि खालच्या टेबलावर बसलेल्यांनी हातात होतं त्यातून काहीतरी जुळवलं.

दरम्यान हत्यारं येतच होती. १९९५च्या मे महिन्यात ह्यूमन राइट्स वॉचने माजी सैन्याच्या शस्त्रपुरवठ्याचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यानंतर सुरक्षा परिषदेने चौकशी आयोग नेमला. छावणीतून रात्री सरहद्दीपार हल्ले होत, सकाळी तीच माणसं रांगेत.

राहायचं की निघायचं

३ नोव्हेंबर १९९४ला पंधरा संस्थांनी मिळून जाहीर केलं, की परिस्थिती सुधारली नाही तर आम्ही काम थांबवू. त्याच महिन्यात एमएसएफची फ्रेंच शाखा निघाली. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीनेही माघार घेतली. फ्रेंच शाखेचं म्हणणं सरळ होतं: वंशसंहार करणाऱ्यांची सत्ता आपल्या पिठावर पुन्हा उभी राहत असेल तर आपण त्यात भागीदार आहोत. एमएसएफच्याच बेल्जियन आणि डच शाखा म्हणाल्या, पटकीनंतरही लोक आजारी पडतातच. आतून दबाव आणू, वाटप सुधारू. त्या आणखी वर्षभर राहिल्या आणि १९९५ संपता संपता बाहेर पडल्या. एकाच नावाच्या संस्थेत एकमेकांविरुद्ध इतका कडवट वाद त्याआधी फारसा झाला नव्हता.

मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला निघणारे बरोबर वाटले होते. आता तितकी खात्री नाही. कारण ते निघाले तेव्हा त्यांची रुग्णालयं दुसऱ्या संस्थांनी घेतली. पोकळी भरायला तयार असलेल्या संस्था रांगेत होत्याच. देणगीदारांचा निधी छावण्यांसाठी होता, त्यामुळे एक गेली की दुसरी आली. निघण्याने त्या संस्थेचे हात स्वच्छ राहिले; छावणीत पुढारी त्याच खुर्चीवर राहिला. राहणाऱ्यांनी वाटपाची पद्धत काही ठिकाणी बदलली, धान्य थेट कुटुंबांच्या हाती द्यायला सुरुवात केली, त्याचा बायकांच्या घरांना उपयोग झाला असणार. पण तळाचा प्रश्न त्यांच्याही हातातला नव्हता.

एक मार्ग कुणी घेतला नाही: सगळ्यांनी एकदम थांबणं. दोनशे संस्थांनी एकत्र येऊन ‘आधी छाननी, मग वाटप’ म्हटलं असतं तर सरकारांना हालावं लागलं असतं का? कदाचित. कदाचित त्या काळात हजारो मुलं मेली असती आणि सरकारं तरीही हलली नसती. हा पैज लावायचा प्रश्न नाही, म्हणून पैज न लावणाऱ्यांना मी भित्रे म्हणत नाही.

पैशाचा हिशेबही बाजूला ठेवता येत नाही. एप्रिल ते डिसेंबर १९९४ या काळात रवांडाच्या संकटावर सुमारे १४० कोटी डॉलर मंजूर झाले, आणि त्यातला मोठा भाग देशाबाहेरच्या निर्वासितांकडे गेला. रवांडाच्या आत जे वाचले होते, ज्यांचं सगळं घर मारलं गेलं होतं, ज्या बायकांवर बलात्कार होऊन एचआयव्हीची लागण झाली होती, त्यांच्या वाट्याला तुलनेने चिमूटभर आलं. किगालीतल्या नव्या सरकारचा मदतसंस्थांवरचा राग तिथून सुरू होतो, आणि तो पुढे त्याने हवा तसा वापरलाही.

नोव्हेंबर १९९६

शेवट मदतीने केला नाही, बंदुकीने केला. ऑक्टोबर १९९६मध्ये रवांडाच्या पाठबळावर लॉराँ-देझिरे काबिला यांची बंडखोर आघाडी पूर्व झाईरमध्ये उठली. एकामागून एक छावण्या फोडल्या. १ नोव्हेंबरला गोमा पडलं. माणसं पळत मुगुंगा छावणीत गोळा झाली. १५ नोव्हेंबरला मुगुंगा फुटली आणि लोंढा उलटा फिरला: काही दिवसांत पाच-सहा लाख माणसं चालत रवांडात परतली. योगायोग असा, की कॅनडाच्या नेतृत्वाखाली बहुराष्ट्रीय दल पाठवायचा ठराव सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी केला. दोन वर्षं जे दल मिळत नव्हतं ते कागदावर मंजूर झालं, आणि लोक परतले म्हणून रद्दही झालं.

सगळे परतले नव्हते. लाखो माणसं पश्चिमेकडे, जंगलात गेली, त्यांत मारेकरी होते आणि पोरंबाळंही. किती उरली यावर वाद घातला गेला. उच्चायुक्तालय लाखोंचा आकडा सांगत होतं, वॉशिंग्टन तो फार कमी असल्याचं म्हणत होतं. आकडा लहान असला की दल पाठवायची गरज उरत नव्हती. तिंगी-तिंगीसारख्या जागी ते उघड्यावर जगले, भुकेने आणि आजाराने मेले, आणि पाठलाग करणाऱ्या सैन्याने त्यांना मारलं. काँगोतल्या १९९३ ते २००३ या काळातल्या ६१७ घटनांची छाननी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१०च्या अहवालाने म्हटलं, की हुतू निर्वासितांवरचे काही हल्ले सक्षम न्यायालयात सिद्ध झाले तर तेही वंशसंहार ठरू शकतात. रवांडा सरकारने तो अहवाल फेटाळला. त्या घटनांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसलं नाही.

कागदावर काय उरलं

मार्च १९९६मध्ये अनेक देणगीदार देशांनी मिळून केलेलं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. त्यामागे डेन्मार्कचं परराष्ट्र खातं पुढे होतं. पाच भागांचा तो अहवाल आजही मदतक्षेत्रात शिकणाऱ्यांना वाचावा लागतो. त्याचा मुख्य निष्कर्ष असा, की मानवतावादी मदत राजकीय कृतीची जागा घेऊ शकत नाही. या एका वाक्याचं नंतर इतकं पारायण झालं, की त्याची धार गेली.

संस्थांनी त्यातून जे उचललं ते त्यांच्या आवाक्यातलं होतं. १९९७मध्ये ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला आणि किमान निकष ठरले: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, दिवसाला २,१०० कॅलरी. त्याच वर्षी मूल्यमापनाचं काम करणारं ‘अल्नॅप’ हे जाळं उभं राहिलं. आज कुठल्याही छावणीत पाण्याचा अधिकारी हे आकडे तोंडपाठ म्हणतो, आणि गोमाच्या पहिल्या आठवड्यासारखे मृत्यू त्यामुळे इतरत्र टळले असतील. बायकांच्या हाती शिधापत्रिका देणं, यादी पुढाऱ्याकडून न घेता स्वतः नोंदणी करणं, हेही आता शिरस्त्यात आहे. छावणीत हत्यारबंद माणसं असतील तर त्यांना बाहेर कोण काढणार, या रकान्यात अजून ‘यजमान देशाचं सरकार’ असं लिहिलेलं असतं. १९९४च्या झाईरमध्येही तेच लिहिता आलं असतं.

छावण्यांतून उरलेल्या हत्यारबंदांनी २०००मध्ये ‘एफडीएलआर’ ही संघटना उभारली. ती पूर्व काँगोत अजून आहे, आणि तिचं नाव पुढे करून रवांडा अजून पूर्व काँगोत शिरतो. मुगुंगाच्या काळ्या लाव्हावर नंतरच्या लढायांत पुन्हा तंबू पडले. या वेळी त्यांत काँगोचेच विस्थापित होते. मे २०२४मध्ये त्या तंबूंवर तोफगोळे पडले. जानेवारी २०२५मध्ये ‘एम२३’ या बंडखोरांनी गोमा घेतलं, आणि काही दिवसांत शहराभोवतीच्या छावण्यांतल्या लोकांना गाठोडी बांधून निघायला सांगितलं.